मापापुरता आवाज

सन्माननीय अध्यक्ष मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, शाळेतील शिक्षक-शिक्षिका, पालक मंडळी आणि मागच्या बाकांवर मघापासून कुजबुजणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार. शेवटपर्यंत ऐकू येतंय ना? येत असणार. माझा आवाज कुठवर पोचतो, हे आज मला फारच नीट कळलं आहे.

लिहून आणलेलं भाषण खिशात आहे आणि ते खिशातच राहणार. आत्ता आपण जो चित्रपट पाहिला, तो मीही आज पहिल्यांदाच पाहिला. दिवे लागले तरी मला उठता येईना. शेजारच्या पाहुण्यांनी पाणी दिलं, ते मी त्यांच्याच सदऱ्यावर सांडलं.

आमची ठिपकी, म्हणजे तुमच्या चित्रकलेच्या बाई. लहानपणी भिंत दिसली की ठिपके काढायची, म्हणून हे नाव. तिची आई लवकर गेली, घरात आम्ही दोघंच. मी जन्मभर गोदामावर पहारेकरी. शिक्षण सातवीत अडलं, पण कुलूप ओढून बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही. घरातून निघालो की कोपऱ्यावरून परत येतो, कुलूप ओढतो आणि तरीही विचारतो, लागलं ना गं? ती म्हणते, "लागलं, बाबा." एवढं ऐकलं की माझे पाय पुढे पडतात.

अशा माणसाच्या घरात हिनं एकटीनं चित्रपट करायचं काढलं. मला वाटायचं, चित्रं काढायची आणि पळवायची. पण आधी म्हणे सॉफ्टवेअर निवडायचं. लग्नाला स्थळं बघावीत तशी आमच्याकडे सॉफ्टवेअरं बघणं सुरू झालं. एक देखणं, पण त्याला आमचा जुना कॉम्प्युटर पसंत पडेना. दुसरं गरीब, पण मध्येच रुसून बंद पडायचं. तिच्या मावसभावानं, ज्याला आम्ही घरात सल्लागार म्हणतो, थ्रीडीचा हट्ट धरला. गोष्टीतला म्हातारा कॉम्प्युटरवर एकदाच घडव, मग हवा तसा फिरव, म्हणाला. हिनं घडवला. त्याच्या सदऱ्याला सुरकुत्या पाडण्यात उन्हाळा संपला, आणि म्हातारा चालू लागला तो गुडघे उलटे वाकवून.

मेन स्विचचा किस्सा अध्यक्षबाईंनी मघाशी रंगवून सांगितला आणि आपण हसलात. माझं म्हणणं एवढंच, की घरात कोणी नाही आणि यंत्र गिरणीसारखं घरघरतंय, तर शहाण्या माणसानं काय करावं? मी स्विच बंद केला. कॉम्प्युटर तेव्हा सगळ्या कामाची पक्की फाइल बनवत होता आणि ती अर्ध्यात तुटून वाया गेली, हे मला काय ठाऊक? ठिपकी आली, खुर्चीत बसली. मग एकदम हसायला लागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात आहात हे धरूनच कामाची पद्धत ठरवायला हवी."

तशीच ठरवली. थ्रीडी सोडलं. हातानं चित्रं काढायचं साधं सॉफ्टवेअर घेतलं, जे जुन्या यंत्रावरही धापा न टाकता चालतं. एक माणूस, एक दार, एक रस्ता. आणि अख्ख्या चित्रपटाची एक फाइल करण्याऐवजी प्रत्येक चित्र सुटं साठवायचं. वीज गेली किंवा बाप आला, तर एकच चित्र जाईल.

आवाजाचंही असंच. चित्रं काढण्याआधी कोणीतरी वाक्यं बोलून ठेवतं, म्हणजे कुठलं चित्र किती वेळ ठेवायचं ते कळतं. तिनं मला आवाज भरायला फोनपुढे बसवलं. मी घाबरलो, तर म्हणाली, हा आवाज मापापुरता, कच्चा टाका. पुढे नट बोलेल तेव्हा उसवून टाकीन. कच्चाच टाका म्हटल्यावर मी कशाला भितो? वाचलं, खोकलो, मध्येच गॅस बंद आहे का विचारलं. ती गॅस बघायला आत गेली. तेवढ्यात शेजारचे कंपाउंडर डोकावले. बाहेरगावच्या स्टुडिओनं पोरीला बोलावलं तर पाठवाल का, म्हणाले. मी काहीतरी बोललो. फोन चालूच होता. जन्मभर चालू-बंद तपासणारा मी, पण तेवढं बघायचं राहिलं.

आज पडद्यावर तो म्हातारा मुलीला स्टेशनवर सोडायला निघतो, ती पुढे जाते, हा कुलपासाठी सारखा मागे वळतो, आणि पोचतो तेव्हा गाडी तिला घेऊन गेलेली असते. तो बाकावर टेकतो आणि बोलतो. नटबिट कोणी नाही. माझाच आवाज, माझाच खोकला. "जाईल ती. गेलीच पाहिजे. पण मग कुलूप लागलं का, हे मी विचारू कोणाला?"

जे मी कंपाउंडरांना दारात सांगितलं, ते अख्ख्या सभागृहानं ऐकलं. घरात मी तिला काय सांगत आलो होतो? मला एकटं राहायला आवडतं, माझी काळजी करू नकोस. आणि ती हेच वाक्य ऐकत, त्याच्या मापानं एकेक चित्र काढत होती. म्हाताऱ्याचे ओठ त्या शब्दांवर हलवायचे, तर तिला ते किती वेळा ऐकावं लागलं असेल? मी पलीकडे भांडी विसळत होतो, आणि मला पत्ता नाही.

हा धक्का पचतो न पचतो, तोच अध्यक्षबाईंनी दुसरा दिला. ओघात म्हणाल्या, त्या स्टुडिओत जाण्यासाठी दिलेला राजीनामा मागे घेता येईल का, असं चित्रकलेच्या बाईंनी आज सकाळीच विचारलं. आपण टाळ्या वाजवल्यात. माझे हात मात्र उचलले गेले नाहीत.

ठिपके, पहिल्या रांगेत खाली मान घालून बसली आहेस. वर बघ. आवाज चित्राला चिकटलेला नसतो, वेगळ्या पट्टीवर असतो, केव्हाही बदलता येतो, हे तूच सांगितलंस ना? मग ते वाक्य काढ. इथे माइक आहे, नवं बोलतो मी.

मान हलवते आहे. नाही म्हणते. बरं, चित्रपट तिचा. शिवाय वाक्य खोटंही नाही, राहू दे. पण त्या म्हाताऱ्याला उशीर झाला म्हणून तू गाडी सोडायची नाहीस. अध्यक्षबाई, हात जोडतो, तो राजीनामा परत देऊ नका.

शाळेनं माझ्या मुलीला वर्ग दिला, भिंती दिल्या, आज एवढा मान दिला, त्याचे उपकार मोठे आहेत. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याला इथे उभं केलंत, तर जे वेडंवाकडं बोललो ते पोटात घाला. आणि तिसऱ्या रांगेतले कंपाउंडर, जरा उभे राहता? उद्यापासून मी तुम्हालाच विचारणार आहे, वैतागू नका. आज तुम्ही आमच्या मागून निघालात. कुलूप लागलं होतं ना?

लागलं होतं म्हणतात. मग बसतो मी.