पालथं पातेलं

(साक्री तालुक्यातलं एक खेडं, शुक्रवारची सकाळ. स्लॅबवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळताहेत. सासू काठी घेऊन राखण करते आहे आणि सून जिन्यावरून वर आली आहे.)

भिकुबाई : मी तं पहिलेच सांगं व्हतं. सातशे रुपया महिना, आनि कसाना? हवाना!

नूतन : हवेचे नाही हो आई, इंटरनेटचे.

भिकुबाई : मंग दखाड ना माले! दोन दिन चालनं आनि बंद.

नूतन : तेच बघायला आलेय. फुकटचे सात दिवस आज संपतात. बारा वाजता तो माणूस वायफायचा डबा परत न्यायला येईल.

भिकुबाई : लई जाऊ दे. आनि जपी चाल, बिबड्यास्वर सावली पडू देऊ नको.

नूतन : आज पाचवा दिवस आहे. सकाळीच डोक्यावरून न्हायलेय.

भिकुबाई : तरीबी. अडचणनी बाईनी सावली पडनी का बिबडी तळताना लाल पडस. मन्ही सासूनं सांगेल शे.

नूतन : बरं बाई, लांबून जाते. पण डबा कुठंय? टॉवरची रेंज मिळावी म्हणून टाकीशेजारी विटेवर ठेवला होता. वायर तर इथपर्यंत आलीय... आई, हे पालथं पातेलं कशाला?

भिकुबाई : जर्मननं शे, मीच झाकं. सोमवारे तू बाजूले बठनी, मी एकलीच वर व्हती. एक मोठं वांदर डब्बाकडे टुकूटुकू दखे. म्हनलं, परकी वस्तू, लई पळी. वर दगडबी ठेवा.

नूतन : सोमवारपासून?

भिकुबाई : हां. का बरं?

नूतन : अहो, सोमवारपासूनच तर नेट गेलं! मी रोज कंपनीला फोन करून भांडतेय, आणि तुम्ही त्याला पातेल्यात कोंडलंय!

भिकुबाई : कोंडं तं काय व्हयनं? दख, उचलं पातेलं. दिवा तं चालूच शे.

नूतन : दिवा चालू, पण ॲल्युमिनियमच्या आत रेंज कुठून येणार? थांबा, मोबाइलवर बघते... एक कांडी... दोन... चार! आई, पूर्ण चार! तीस, चाळीस, बावन्न! बावन्न, आई!

भिकुबाई : बावन्न काय वं?

नूतन : स्पीड हो! ऑफिसला पंचवीस पुरतं!

भिकुबाई : मंग रडी कसाले राहिनी?

नूतन : तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज अकराच्या आत घरचा स्पीड दाखवला तर काम इथूनच, नाहीतर येत्या सोमवारपासून पुण्यात. रविवारचं तिकीट काढून ठेवलंय. माझं आणि डिंपलचं.

भिकुबाई : डिंपलनं? मन्ही नातनं?

नूतन : रोज तुमच्या कुशीत झोपते ती. कोणत्या तोंडानं सांगू?

भिकुबाई : स्वप्नील काय म्हने?

नूतन : ते दीपनगरला ड्युटीवर. म्हणाले, नोकरी सोडू नको, आईला मी समजावतो.

भिकुबाई : आनि मी पातेलं झाकी बठनी! कितला वाजनात?

नूतन : दहा पन्नास. फोटो पाठवते स्पीडचा... गेला! बोट उचलायच्या आत गेला! मॅडमनी बघितलं. लिहितायत... 'ठीक आहे, घरूनच करा.' आई! घरूनच!

भिकुबाई : अवं नाचू नको, बिबड्या... जाऊ दे, नाच! नाच वं माय!

नूतन : आणि तो बाराचा माणूस?

भिकुबाई : त्याले चहा पाजसू. डब्बा देत नही. सातशे काय, स्वस्त शे!

नूतन : मघाशी तर हवेचे होते.

भिकुबाई : मघाशी मन्ही नात पुनाले जाई नही राहिनी व्हती.

नूतन : आणि वांदरं?

भिकुबाई : मी शे ना काठी लईसन. पन नूतन, एक सांग. चार दिन तू वर उनी असती तं?

नूतन : पातेलं पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

भिकुबाई : मीच तुले येऊ नही दिधं.

नूतन : जाऊ द्या आई, झालं ना आता सगळं नीट.

भिकुबाई : नही. पुढला महिनाले वर येत जाय. कोनताबी दिन राहो.

नूतन : आणि बिबड्या लाल पडल्या तर?

भिकुबाई : लाल बिबड्या मी खासू.