कोबा घोटायचं यंत्र रिक्षातून आलं

रिक्षातून! तुम्हाला सांगते, रिक्षातून आलं हो यंत्र! आता मला सांगा, यंत्र कधी रिक्षातून येतं का? यंत्र म्हटलं की टेम्पो हवा, मागे फळी लावून चार माणसं हवीत, 'अरे धर, अरे सोड, अरे माझा पाय!' असा आरडाओरडा हवा, गल्लीतली कुत्री भुंकायला हवीत... इथे महिपत मिस्त्री मागच्या सीटवर एका बाजूला, यंत्र दुसऱ्या बाजूला, नात्यातला पाहुणा असल्यासारखं! उतरले, एका हातात जेवणाचा डबा, यंत्र कमरेवर घेतलं कळशी घेतात तसं, आणि मला विचारतात, "वहिनी, मशीन कुठं ठेवू?" मी म्हटलं, हे मशीन? मला वाटलं, कुणाचा पंखा बिघडलाय म्हणून दुरुस्तीला नेताय!

पंखाच तो, दुसरं काय! चार पाती, भोवती लोखंडाचं कडं, वर हे एवढं लांब हँडल. पंखा उलटा करून जमिनीवर ठेवला आणि त्याला दांडा लावला, की झालं यांचं ट्रॉवेल मशीन. म्हणे ओलं सिमेंट घोटतं. मी विचारलं, "कशाने घोटतं? वजन कुठाय याला?" मी संशयी नाही हं. पण विचारलेलं बरं!

आता तुम्ही म्हणाल, बाईला काय पडलंय यंत्राच्या वजनाचं? तर पडलंय. ऐका. आमच्या सासूबाई, बायजाआई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आमच्या या बाळकुम गावात हे टॉवर नव्हते, सगळी भातशेती होती, तेव्हा डोक्यावर भारे घेऊन ओल्या बांधावरून तरातरा चालणारी बाई, कधी पाय घसरला नाही. आणि गेल्या वर्षी स्वयंपाकघरात, स्वतःच्या घरात, एक लादी एवढीशी उचकटलेली, तिला अंगठा अडकला आणि पडल्या की हो! खुब्याचं हाड गेलं. आत सळई घातली, हातात वॉकर दिला, आणि वॉकरचं काय होतं? दोन लाद्यांच्या मधे जी फट असते ना, तिथे पाय अडकतो. टक्! की आई थांबल्या, की खाटेवर बसल्या. सात महिने बसल्याच. डॉक्टर म्हणाले, "आजी दिवाळीपर्यंत चालल्या तर चालल्या, नाहीतर मग कायमची खाट धरतील." असं बोलले हो तोंडावर!

म्हणून ठरलं, मागची भात ठेवायची खोली रिकामी करायची, लादी नाही, फट नाही, सांधा नाही, अख्ख्या खोलीला एकसंध कोबा. चारी भिंतींना भिडलेला, सपाट. म्हणजे वॉकर अडकायचा प्रश्नच नाही. कल्पना माझी होती, बरं का! आमचे हे म्हणाले, "वा, देवयानी!" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, 'वा' मी पहिल्यांदा ऐकलं. मग कोबा बिघडला तर तो 'वा' कुणाचा जाणार? माझाच ना? मग मी लक्ष नको ठेवायला?

तर यंत्र. मी मिस्त्रींना समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, की मिस्त्री, पाट्यावर वाटण कशाने बारीक होतं? वरवंटा जड असतो म्हणून! जातं जड, खलबत्ता जड, इस्त्री जड. तुमचं हे कमरेवर बसणारं यंत्र काय दाबणार? मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुमचं दार अडीच फुटी. मोठं मशीन आत येणारच नाही. आणि आलं तरी ओल्यावर जड मशीन चढवलं तर ते घोटत नाही, बुडतं. हे हलकं आहे म्हणून लवकर चढतं, कोपऱ्यात वळतं." कसं गोड बोलतात बघा! ज्याचं उत्तर तयार असतं ना, त्याच्यावर जरा जास्तच नजर ठेवावी लागते. मी म्हटलं, "मग वर पाटा ठेवू का आमचा? चांगला दगडी आहे." नको म्हणाले. "मग आमच्या ह्यांना बसवा वर. ऐंशी किलो आहेत." तर हे पेपरातून डोकं काढून म्हणतात, "अगं ए! मला गरगर फिरवतेस का?" मी म्हटलं, आईसाठी एवढं करता येत नाही?

आणि दुसरी गोष्ट. मिस्त्री उभा! तुम्ही कधी उभा मिस्त्री पाहिलाय? मी लहानपणापासून बघते, कोबा घोटायचा म्हणजे गवंडी उकिडवा बसणार, हातात थापी, मागे मागे सरकत जाणार, घामाने बनियन चिकटलेलं, संध्याकाळी कमरेवर हात ठेवून 'आई गं' करत उठणार. ते बघून आपल्यालाही बरं वाटतं, की हां, काम झालं! हे महिपत मिस्त्री म्हणजे उभ्याने, हँडल धरून, बागेत फिरायला आल्यासारखे. मी बोलले तसं. तर म्हणाले, "वहिनी, पस्तीस वर्षं बसूनच केलं. दोन्ही गुडघे गेले. हे मशीन आलं म्हणून अजून कामावर आहे." आता मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आलं घालून चहा दिला. पण चहा देताना मनात आलंच, गुडघे यांचे, कोबा आमचा... मी संशयी नाही हं. पण विचारलेलं बरं!

बरं, सकाळी नऊला सिमेंट ओतलं, फळी फिरवून सपाट केलं. मला वाटलं, आता यंत्र सुरू. कसलं! मिस्त्री बाहेर चिकूच्या झाडाखाली जाऊन बसले. मी विचारलं, "काय झालं?" "धरू द्या, वहिनी." कोणाला? "सिमेंटला." दहा वाजले. धरू द्या. अकरा वाजले. धरू द्या. मधूनच उठायचे, आत जायचे, आणि काय करायचे माहितीये? चप्पल घालून आमच्या नव्या कोब्यावर पाय द्यायचे! मुद्दाम! पाय उचलायचे, खाली उमटलेला ठसा बघायचे, मान हलवायचे, बाहेर यायचे. मी म्हटलं, अहो, हे काय? जी जमीन सपाट व्हावी म्हणून आमचा जीव चाललाय तिच्यावर तुम्ही चपला उमटवता? तर म्हणे ठसा खोल गेला तर अजून ओलं, नुसता पुसट उठला तर मशीन चढवायचं. पाय हाच आमचा काटा. आता सांगा, या माणसाला मी काय म्हणू?

बारा वाजले. मिस्त्रींनी डबा उघडला. मी आत डोकावले... आणि बघते तर काय! खिडकीतून ऊन आलेलं, आणि खिडकीजवळचा कोपरा, चांगला पाच बाय सहा फुटांचा, पांढरा पडायला लागलेला! सुकत होता हो! आणि सिमेंटला पाणी लागतं एवढं मला कळतं, मी काही अगदीच ही नाही, आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा दहा दिवस मीच पाणी मारलंय. म्हटलं, हा माणूस तिकडे भाकरी मोडतोय आणि इकडे आईंची जमीन तडकतेय! बोलवावं, तर म्हणणार 'धरू द्या'. मग मी तांब्या घेतला. हळूच शिंपडलं, तुळशीला घालतात तसं. प्यायलं बिचाऱ्याने! दुसरा तांब्या. तोही प्यायला. मग तिसरा... मग म्हटलं, तांब्यातांब्याने काय होणार, अर्धी बादली आणली. दारातून फळी टाकून त्याच्यावर ओणवी होऊन हाताने सारखं केलं. इतकं छान दिसायला लागलं, ओलंओलं, काळंभोर! मला एवढं समाधान वाटलं ना, की कुणाला सांगितलं नाही.

एक वाजता मिस्त्री आले, दाराशीच पाय दिला, "आलं!" म्हणाले, आणि ते यंत्र सुरू केलं. आणि तुम्हाला सांगते, मी बघतच राहिले. असं अलगद फिरतं हो! पहिल्यांदा फिरलं तर खडबडीत गेलं, पुन्हा थांबले, पुन्हा पात्यांचा कोन बदलून फिरवलं, तर साय धरल्यासारखं झालं, तिसऱ्यांदा फिरवलं तर ट्यूबलाइट दिसायला लागली कोब्यात! वजन नाही, दाब नाही, नुसतं फिरून फिरून! माझा संशय जवळजवळ गेलाच होता. आणि शेवटी ठेवलेल्या खिडकीच्या कोपऱ्यात मशीन गेलं... आणि चिखल उडाला.

मशीन बंद. मिस्त्री वाकले, बोट लावलं, बोटाकडे बघितलं. "इथं पाणी कुणी मारलं?"

माझ्या तोंडून गेलं, "मांजर असेल."

मिस्त्रींनी कोपऱ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, दारात विसरलेल्या बादलीकडे बघितलं. "बादली घेऊन आलेलं वाटतं."

ओरडले नाहीत हो! ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पाणी मारायचंच असतं वहिनी, पण घोटून झाल्यावर, उद्यापासून. आधी मारलं की वरची साल कच्ची राहते. मशीन नाही चालणार इथं." आणि तो माणूस, गुडघे गेलेला, खाली बसला माझ्या कोपऱ्यात, लाकडी रंधा, म्हणजे गवंड्याची मुठीची फळी, घेऊन, आणि हाताने तेवढा भाग सारखा केला. खरखरीत राहिला. म्हणाले, "याच्यातून पीठ निघत राहील, झाडत राहा." उठताना भिंत धरली. मी पुन्हा चहा केला. दुसरं काय करणार? ह्यांना सांगू नका म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "मांजराचं कशाला सांगतोय कुणाला?"

मग दहा दिवस रोज पाणी मारलं. आता परवानगीने! आणि चांगला वाळू दिला आणि आईंना आणलं. हे एका बाजूला, मी एका बाजूला, मधे वॉकर. दारात आल्या आणि थांबल्या. खाली बघितलं. कोबा असा चमकत होता की त्यांना स्वतःचं लुगडं दिसलं त्यात!

"काय गो, पानी कनाला ओतलंस?"

मी म्हटलं, "आई, पाणी नाही, कोरडं आहे." खाली बसून तळवा फिरवून दाखवला, पदराने पुसून दाखवला. "मशीनने घोटलंय. हलकं मशीन, आई, पण बघा काय काम करतं! ओल्यावर लवकर चढतं, कोपऱ्यात वळतं..." म्हणजे मिस्त्रींचं सगळं भाषण मीच म्हणून दाखवलं! आई माझ्याकडे अशा बघतात, मी मिस्त्रींकडे बघायचे ना, तश्शा! म्हणाल्या, "ही जमीन हाय का काच? एकदा पडले तर पोट नाय भरला तुमचा? मना पुन्हा पडाला लावतंस काय?" पाऊल उचलेनात. सात महिन्यांची वाट, एवढी धडपड, आणि पाऊल उचलेनात! ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तो 'वा' गेला, मला दिसला जाताना.

आणि मग आईंची नजर गेली खिडकीकडे. भिंत धरून, कडेकडेने, वॉकर आधी टेकवून बघत, शिव्या देत, पोचल्या त्या कोपऱ्यात. पाय घासून बघितला. खर्र. पुन्हा घासला. खर्र. वॉकरचं रबर असं घट्ट बसलं! आणि चालल्या हो! भिंतीपासून खिडकीपर्यंत, वळल्या, परत. वळल्या, परत! चार फेऱ्या! हे तोंड फिरवून रडले, मी समोरूनच रडले.

आता त्यांची खाट त्या कोपऱ्यालगत आहे. सकाळ-संध्याकाळ वीस वीस फेऱ्या, पाच बाय सहात. बाकीच्या खोलीत गोणपाटं अंथरून दारापर्यंत येतात. डॉक्टर खूश. रोज त्या कोपऱ्यातून मूठभर राखाडी पीठ निघतं, ते मीच झाडते. कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

परवा शेजारची तुळसा आली बघायला. आईंनी तिला कोपरा दाखवला, पाय घासून दाखवला, आणि माझ्यासमोर, अगदी मायेने म्हणाल्या, "सून माझी भोली गो. त्या मिस्त्रीनी येवराच कोपरा नीट केला, बाकी सगली खोली फसवली. आनि ही चाय देत बसली त्याला... जरा संशय घ्याला नको?"

मी म्हटलं, "हो आई," आणि केरसुणी घेतली.