'सॉरी'खालचं वाक्य

ती : मग हे वाक्य कुणी खोडलं?

तो : कुठलं?

ती : उगाच वेड पांघरू नका. 'सॉरी'खालचं. अर्थ आहेत, व्युत्पत्ती आहे, आणि 'वाक्यात उपयोग' म्हटलं की पुढे काट मारलेली. लाल शाई तुमचीच आहे.

तो : अगं, प्रकाशक म्हणाले, कोश जाड होतोय. शेवटचं प्रूफ आहे. कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती.

ती : 'सॉक'खाली दोन वाक्यं तशीच आहेत. मोज्यांना जागा आहे तुमच्या कोशात!

तो : लोक अर्थ बघायला कोश उघडतात. चूक झाली की सॉरी, कुणाचं माणूस गेलं तर सॉरी, नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी, नाही म्हणायचं असलं तरी आधी सॉरी. सगळं दिलंय मी. मूळसुद्धा. 'सॉरो'शी, म्हणजे दुःखाशी, त्याचं नातं आहे असं लोक खुशाल ठोकून देतात. साफ चूक. जुन्या इंग्रजीत 'दुखरा' अशा अर्थाचा शब्द होता, त्यावरून...

ती : माहितेय मला. आपल्या टिल्लूला दारात उभं करून हेच सांगितलं होतंत.

तो : तो विषय आत्ता कशाला?

ती : वाक्य त्याचंच होतं म्हणून. माझ्या ऑपरेशनला आला नाही, फोनही बंद. चुकलंच त्याचं. मी काय कमी रडले? पण नंतर आला ना? एवढा सहा फुटी पोरगा, मान खाली घालून 'सॉरी बाबा' म्हणाला. आणि तुम्ही त्याला शब्दाचं मूळ सांगत बसलात! 'याचा अर्थ दुखणं. तुला दुखतंय का कुठे? नसेल तर शब्द वाया घालवू नकोस.'

तो : राग आला होता गं मला.

ती : मग चार शिव्या हासडायच्या. शिव्या खाऊनही पोरं घरात येतात, जेवायला बसतात. तुम्ही त्याची शिकवणी घेतलीत. आल्या पावली परत गेला, तो अजून फिरकला नाही.

तो : तुला करतो की फोन.

ती : करतो. 'बाबा बरे आहेत ना' विचारतो. मी म्हणते, तूच विचार. की लगेच ठेवतो.

(ती प्रूफ पुढे ओढून ते पान पुन्हा उघडते.)

ती : अर्थ तुमचे, वाक्यं माझी, असं ठरलं होतं आपलं. बाकीची मी दुकानात, बसमध्ये, शेजारणीच्या तोंडून उचलली. 'सॉरी बाबा, मला यायला उशीर झाला.' हे एवढं एकच घरातलं. मला न विचारता काढलंत.

तो : छापून आलं असतं ते.

ती : येईना का! वाचणाऱ्याला काय ठाऊक, कोण कुणाला म्हणालं? तुमच्याशिवाय कुणालाही ते टोचणार नव्हतं.

तो : म्हणूनच काढलं.

ती : म्हणजे?

तो : पहिल्या प्रुफात ठेवलं होतं. दुसऱ्यातही ठेवलं. दर वेळी ते पान आलं की मी उठून गॅलरीत जायचो. काल नाही राहवलं. वाटलं, निदान कोश तरी पुरा होऊ दे.

ती : हे मला काय सांगताय? त्याला सांगा.

तो : कुठल्या तोंडानं?

ती : आहे त्याच. हा घ्या माझा फोन. लावलाय.

तो : अगं, थांब! काय बोलू मी? आणि त्यानं उचललाच नाही तर?

ती : तर उद्या परत लावू. धरा आधी.

तो : वाजतोय... हॅलो. अं... आई नाही, मी बोलतोय. बाबा. ...नाही, नाही! आई बरी आहे. इथे समोर बसलीय. ...हॉस्पिटल कशाचं? अरे, रडतोस काय असा? ऐक, कुणालाही काही झालेलं नाही. मीच केलाय फोन. मला तुझ्याशी बोलायचं होतं.