बिनतोड अर्ज

विषय — आरोग्य विम्याच्या सक्तीतून कुटुंबास सूट मिळण्याबाबत. संदर्भ — नागरिक आरोग्य विमा कायदा, सूट मागण्यासंबंधीचे कलम. महोदय — 'महोदय'नंतर स्वल्पविराम, आणि पुढची ओळ जरा आत घेऊन — लिहिताय ना? हळू सांगतो, घाई नाही, या बाकावर घाई केलेला माणूस मी अजून पाहिला नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, शासनास नागरिकाकडून कर घेण्याचा अधिकार आहे, त्यास दंड करण्याचा आहे, प्रसंगी तुरुंगात ठेवण्याचाही आहे; परंतु नागरिकाने अमुक एक वस्तू विकत घेतलीच पाहिजे असे फर्मावण्याचा अधिकार शासनास कोणी व केव्हा दिला, याचा खुलासा व्हावा.' — कसं वाटतं? खुलासा 'व्हावा'. 'करावा' नाही. 'करावा' म्हटलं की साहेबाला राग येतो, 'व्हावा' म्हटलं की तो विचारात पडतो. उभा जन्म पाणीपुरवठ्यात मसुदे लिहिण्यात गेला माझा, पाणी कुठे पोचलं नसेल पण मसुदा पोचला. माझी ओळ कुठल्या साहेबानं खोडली नाही.

तुम्ही सर ना? शाळेत? कुठला विषय — नागरिकशास्त्र! वा वा. म्हणजे मुलं ज्या तासाला गणिताचा गृहपाठ उरकतात तो. हसू नका, मीही तसाच उरकला. आणि वर्तमानपत्रातलं माझं पत्र वाचून मला शोधत आलात? बरं केलंत, पण त्यात शोधायचं काय — रोज इथेच असतो मी, सूट कक्षाच्या बाहेर, पंख्याखालचा बाक. पंखा फिरत नाही, पण त्याखालचा म्हणून मान आहे.

तर मुद्दा समजून घ्या, नुसता उतरवून घेऊ नका. आमचा मेहुणा — हिचा भाऊ, रुग्णवाहिका चालवायचा, आता निवृत्त — तो दर रविवारी यायचा आणि याच विषयावर भांडायचा. म्हणायचा, भावजी, गाडी रस्त्यावर काढायची तर विमा लागतोच की नाही? तेव्हा का नाही ओरडलात? मी म्हटलं, अरे शहाण्या, गाडी नको असेल तर मी पायी जाईन, विमा टळला. हा विमा टाळायला मी काय करू, श्वास घ्यायचं बंद करू? तर म्हणतो, ते बंद झालं की बाकीचे धावतात ना! रस्त्यात पडलेल्याला मी कधी विचारलं नाही, तुझ्याकडे कार्ड आहे का म्हणून, उचलला आणि नेला. मग त्याचा खर्च ज्यांनी विमा भरला त्यांच्या बोडक्यावर. तुमचं स्वातंत्र्य भावजी, पण उचलणार आम्ही. — वाईट नाही मुद्दा. मी मान्य करतो, विरोधकाचा मुद्दा चांगला असेल तर मान्य करावा, मग आपलं उत्तर जास्त उठून दिसतं. मी म्हटलं, मला उचलू नका. लिहून देतो. पडलो तर पडू द्या. माझं शरीर, माझं पडणं. तुझ्या दयेची उद्या तू सक्ती करशील, परवा म्हणशील रोज चाला, तेरवा म्हणशील तळलेलं खाऊ नका — सरकार एकदा माणसाच्या पोटात शिरलं की जेवूनच उठतं. त्यानं चहाचा कप उचलला. ही मात्र आतून म्हणाली — ही काही बोलत नाही सहसा, मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती — म्हणाली, तुम्ही पडलात तर मी काय करायचं ते पण लिहून ठेवा. आम्ही दोघंही हसलो. मशीन चालू झालं.

लिहा पुढे. हा कळीचा मुद्दा आहे, यावरच माझा अर्ज बिनतोड ठरला. 'तसेच, कुटुंब हे एक अविभाज्य एकक मानण्यात यावे, व कुटुंबप्रमुखाचा अर्ज विचाराधीन असेतोवर त्यातील कोणाही सदस्यास स्वतंत्रपणे विमा देण्यात अथवा लादण्यात येऊ नये.' — का घातलं सांगा? कारण यांची युक्ती मला माहीत. प्रमुख अडला की बायकोला धरतात, बायको अडली की म्हाताऱ्या आईला, आणि एकेक करून घर पोखरतात. ती वाटच मी बुजवून टाकली. खिडकीतल्या मुलीनं वाचलं, परत वाचलं, उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी मला आत बोलावलं — खुर्ची दिली! चहा सांगितला! म्हणाले, काका, इथे रोज गठ्ठ्यानं अर्ज येतात, 'मी गरीब आहे', 'मी धडधाकट आहे', 'माझा डॉक्टरांवर विश्वास नाही' — असा अर्ज पाहिला नव्हता. मला नाकारता येत नाही आणि मंजूरही करता येत नाही. आणि वर शेरा मारला — 'मुद्दे विचारार्ह, विधी खात्याच्या अभिप्रायार्थ सादर.' मी घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, अक्षर छान आलंय. मग विचारलं, यात माझंही नाव आहे का? म्हटलं, असणारच, तू काय कुटुंबाबाहेर आहेस? म्हणाली, बरं.

नाही नाही, लिहीत राहा, मी नुसता सांगतोय.

आता साध्या अर्जाचं काय होतं ते ऐका, म्हणजे फरक कळेल. साधा, गचाळ, शुद्धलेखनाच्या चुका असलेला अर्ज सकाळी खिडकीत दिला की दुपारी 'अमान्य' आणि त्या शिक्क्याबरोबरच विम्याचं कार्ड हातात — सक्तीनं! घ्या, आणि निघा. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला, त्यानं अर्जात 'विमा' शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिला होता, माझ्या डोळ्यांदेखत. त्याचा अमान्य झाला. शिव्या घालत घरी गेला. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली, कार्डावर दवाखाना झाला, आता ठणठणीत आहे, इस्त्री मारतोय. परवा मला म्हणाला, काका, तुमच्याकडून लिहून घेतला असता तर जिंकलो असतो नाही? मी म्हटलं, हो.

हे काय, थांबलात का? — हां, त्या. मघाशी जिन्यावर ज्या बाईंना तुम्ही रखवालदाराचं स्टूल आणून दिलंत — ती आमचीच. नमस्कार कसला करताय, बसा. मधल्या मजल्यापर्यंत आली, पुढे येववत नाही. आज अर्जात नाव असलेल्या सगळ्यांनी समक्ष हजर राहायचं असं कळवलं होतं, म्हणून आणली. हृदयाची झडप आहे. डॉक्टर म्हणाले, सुईच्या नेढ्यातून रक्त जातंय. आडवं झोपता येत नाही, चार उशा पाठीला लावून बसते — तेच अभ्रे, स्वतः शिवलेले. नंतर झालं हे, अर्जाच्या नंतर — म्हणजे आधीच असणार, कळलं नंतर. इस्पितळवाले म्हणतात, करू की, कार्ड आणा. रोख म्हणाल तर घर विकून अर्धी झडप येईल.

मग काय, केला ना अर्ज मागे घेण्याचा अर्ज! काय समजलात? तत्त्व तत्त्वाच्या जागी. तीन ओळींचा केला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट मसुदा, 'कृपया' दोनदा आलंय त्यात. तर म्हणतात, मूळ अर्ज निकाली निघाल्याशिवाय त्यावरचा अर्ज घेता येत नाही, आणि मूळ फाइल विधी खात्यात. विधी खात्यात गेलो. तिथला तरुण वकील माझा हात सोडेना — काका, तुमच्या मुद्द्यावर आमच्यात दोन तट पडलेत! म्हटलं, बाबा, तट राहू दे, नाकार. एका ओळीत नाकार. म्हणतो, इतका चांगला अर्ज असा कसा नाकारू? म्हटलं, बरं, निदान हिचा वेगळा विमा काढू द्या, हिनं काही मागितलं नव्हतं. त्यानं फाइल उघडली आणि मलाच वाचून दाखवलं — 'कुटुंब हे एक अविभाज्य एकक'. वाट बुजवलेली होती. मीच बुजवलेली, पक्की. माझं काम कधी कच्चं नसतं.

मेहुणा आता रविवारी येत नाही. म्हणजे येतो, तिच्याजवळ बसतो, आणि जातो. माझ्याशी वाद घालत नाही. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं — त्याचा तो उचलण्याचा मुद्दा होता ना, त्याला आता माझ्याकडे उत्तर आहे असं वाटत होतं... ते राहू दे. तुम्ही म्हणाल, मग कायदाच बरोबर होता. नाही! सर, नाही. सरकारनं मला विकत घ्यायला लावू नये — आजही म्हणतो, या बाकावरून म्हणतो. दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय त्याला न विचारता तिसऱ्यानं घ्यायचा, ही गोष्टच मुळात —

काय लिहिलंत ते बघू. दाखवा इकडे. अक्षर बरं आहे. 'अर्जदार', 'पत्नी', 'मुलगा', आणि खाली — 'अवलंबित : आई'. आई असतात का तुमच्याकडे? गुडघ्यांव्यतिरिक्त काही? बरं. त्यांना विचारलंत? तसं नव्हे, सांगितलंत ते कळलं, विचारलंत का? काय म्हणाल्या? —

'बरं' म्हणाल्या.

...

थांबा, शिपाई हाक मारतोय. — हो, मीच तो. — हो, आली आहे ती, खाली जिन्यात आहे, वर येववत नाही हो तिला, तुम्ही खाली येऊन पाहा पाहिजे तर. — पाहण्याची गरज नाही? — बरं. — बुधवारी? — बरं. बरं.

काही नाही. फाइल आलेली नाही. समक्ष हजेरी फाइल आल्यावरच घेता येते, म्हणून आजची हजेरी धरली नाही. बुधवारी परत आणायचं तिला.

सर, तो कागद फाडा. फाडा म्हणतो ना. अर्ज करायचाच असेल तर मुलांकडून लिहून घ्या, 'नम्र' चुकीचं लिहा, शाई सांडा, दुपारपर्यंत नाकारला जाईल. आणि आता जा. पत्रं वाचून कोणाला शोधत येऊ नका. मागच्या जिन्यानं जा, पुढच्यानं गेलात तर ती तुम्हाला ओळखेल, विचारील काय झालं म्हणून, आणि ते मला सांगायचं आहे. फार नाही सांगायचं. मूळ अर्ज विधी खात्यात प्रलंबित आहे, मागे घेण्याचा अर्ज मूळ अर्जाअभावी प्रलंबित आहे. तिला कळतो आता तो शब्द.

जा.