आठ फुटांपुरती लेन्स

आमचं मूळ पोशेऱ्याकडचं, नागली-भाताचं घर, कारवीचा कूड, शेणमातीनं लिंपलेला, खिडकी म्हणाल तर नाय, उजेड येणार तो दारातून आणि चुलीतून. जव्हारला शिकायला गेलो नि फोटोच्या धंद्यात पडलो, लग्नं केली, साखरपुडे केले, शाळांचे ग्रुप केले, अख्ख्या मोखाड्याची तोंडं माझ्या हातून गेली म्हणा ना, आणि काय सांगू तुमाला, माझा बापूस गेला तो एका फोटोशिवाय. काढू उद्या, काढू उद्या करत राहिलो. तेव्हापासून जिवाला एकच घोर, आयस तरी तशी जाऊ नये.

पण आयस फोटोत नीट येईल तर शपथ! जन्मभर चुलीचा धूर खाल्लेले डोळे, उन्हात आणली की घळाघळा पाणी, घरात फ्लॅश मारला की गच्च मिटायची, वर मलाच शिव्या, मेल्या, आईवर वीज पाडतो का. पेन्शनीच्या अर्जाला तसलाच एक फोटो लावला तर कचेरीतला माणूस हसून म्हणतो, बाई जिवंत असतानाचा आणा. असा राग आला, पण काढू कोणावर, फोटो तर मीच काढलेला.

मंग पुढं डिजिटल आलं, मी नाशकातून एक वापरलेला क्यामेरा आणला. माझ्याकडं रोलच्या जमान्यातली लेन्स पडून होती, वन पॉइंट फोरची, रुंद काचेची, दिव्याच्या उजेडात पण फोटो द्यायची. पण ती आट्यांची, फिरवून बसवायची, आणि नव्या क्यामेऱ्याला आटेच नाय. जव्हारच्या लेथवाल्याकडून मधे बसायला रिंग कातून घेतली. बसली झकास! एका लग्नात लावून बघतो तर आठ फुटांपलीकडं सगळं धुकं, मांडव नाय, वऱ्हाड नाय. रिंगेच्या जाडीएवढी लेन्स पुढं सरकली ना, तेवढ्यानंच. लेथवाला म्हणाला, अजून पातळ होत नाय. बाकीचे फोटोवाले लागले चिडवायला, आली बघा आंधळी लेन्स.

मी पण हसलो, घरी आलो, आणि दारातच डोक्यात आलं, अरे, आपलं घर तरी कुठं आठ फुटांच्या वर हाये! दारातून चूल तीन पावलं.

सकाळची वेळ, आयस नागलीची भाकरी करत होती. मी दाराशी उकिडवा बसलो, हातानं लेन्स फिरवत. फ्लॅश नाय, ऊन नाय, तिला कळलंच नाय. भाकरी तव्यावरून काढली नि माझ्याकडं बघून म्हणाली, वाढू का. तेवढ्यात बटण दाबलं.

प्रिंट आणून दाखवली तर खूष व्हायचं सोडून भाकरीवर बोट, ही कशी पुसली रे, इतकी गोल केली होती. आता तिला काय सांगू, त्या लेन्सनं तिचे डोळे तेवढे धरले, पुढचं मागचं सोडलं. मी रडतोय आणि हिला भाकरीचं पडलंय! मंग प्रिंट मांडीवर घेतली, निरखून बघितली, आणि म्हणाली, मी गेल्यावर हाच लाव, ह्याच्यात मी तुला वाढतेय.

त्यातलंच तोंड कापून अर्जाला लावलं, कचेरीतल्या माणसानं लगेच शिक्का मारला. आता पाड्यावरच्या म्हाताऱ्या बोलावून नेतात, माझा पण काढ रे उघड्या डोळ्यांचा. धंदा बेस चाललाय. आयसचा तो फोटो मोठा करून, फ्रेम करून पेटीत ठेवलाय. देवाजवळ एकच मागणं, अजून लई वर्षं तो पेटीतच राहू दे.