जपानच्या झिलासाठी गाऱ्हाणं

तुम्ही हसाल, पण माझ्या जपानी कॉमिक्सपायी आमच्या घरी देवाला गाऱ्हाणं घातलंय. मी दिल्लीहून शिकून मालवणला परतले, तेव्हाची गोष्ट. ती पुस्तकं वाचताना मी रडते हे आईने पाहिलं आणि गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या घाडीकाकांना थेट बोलावलं.

"चेडू येवढा शिकला आणि पोरांची चित्रां बघून रडता!" आई म्हणाली.

"आई, हे साहित्य आहे!" मी तावातावाने सांगू लागले.

काकांनी मला थांबवलं. "बाय, देवाक नेमका सांगूचा लागता. रडतंस कित्याक?"

"मासेमारी करणारा एक मुलगा वादळात अडकलाय. आणि पुढचा भाग इथे मिळत नाही."

"एकटोच आसा होडयेत?"

"एकटाच."

काकांनी देवापुढे नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा मन शांत कर!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले शेजारी म्हणाले.

"आणि तो जपानचो झील वादळात सापडलो आसा, तेची होडी बंदराक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आईचा आवाज सगळ्यांत मोठा.

साहित्य वगैरे कुणाला पटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण वारा सुटला की आई हमखास विचारते, "तो झील इलो काय गो घराक?"