दहाव्याचा फोटो

भुतंबितं मी मानत न्हाई, पण पारनेरच्या स्टुडिओत जे झालं ते सांगतो. बायको गेली. दहाव्याला फोटो पाहिजे, आन तिनं जन्मात कुणाला फोटो काढू दिला न्हाई. पुतण्याच्या हळदीच्या कॅसेटमधी तेवढी दिसती, जात्यापाशी.

ती कॅसेट ज्या जुन्या कॅमेऱ्यात चालती, त्याची वायर जुन्याच कंप्युटरला बसती, म्हणून स्टुडिओवाल्यानं तो अडगळीतून काढला. कॅसेट चालू असली की तिचं तोंड उघडं दिसायचं. बटण दाबून फोटो धरला, की त्यात पदर तोंडावर. दर बारीला तसंच.

"कंप्युटर म्हातारा झालाय, बाबा."

"मी पन झालोय. दाब."

परत पदर. मला राग आला. पडद्यालाच म्हणलं, "अगं, दहाव्याला फोटो लागतो. बघ की जरा इकडं."

त्यानं बटण दाबलं. उघडं तोंड, नजर सरळ माझ्याकडं. त्यानं कॅसेट मागं घेऊन तीच जागा लावली, तर तिथं ती पाठमोरी हुती.

तो खुर्ची मागं सारून उठला. "बाबा, आता काय करू?"

"छाप लवकर," मी म्हणलं. "परक्या माणसापुढं जास्त येळ तोंड उघडं ठेवायची न्हाई ती."